दुसरी भाषा हातांची

आई,

तुला हाक मारायची म्हणजे पदर ओढायचा, नाहीतर स्वयंपाकघरातल्या दिव्याचं बटण चालू-बंद करायचं. तू जन्मापासून बहिरी, शाळेत कधी न गेलेली. त्यामुळे आपल्या दोघींचं सगळं बोलणं हातांनीच व्हायचं. त्या खुणा तुला कुणी शिकवल्या नव्हत्या. काही आजीच्या वेळच्या, बाकीच्या आपण दोघींनी उचगावच्या घरात भाकरी भाजता भाजता तयार केलेल्या. मीठ म्हणजे जिभेच्या टोकाला बोट. शेजारचे काका म्हणजे सुटलेलं पोट. रविवार म्हणजे चिमटीतला गुलाल वर उधळायचा, कारण तो जोतिबाचा वार. एकदा मी दप्तर भरताना पाठमोरीच राहून, खांद्यावरून हात उडवत तुला काहीतरी सांगत होते. तू पिठाच्या हातानेच माझी हनुवटी धरतेस, तोंड तुझ्याकडे वळवतेस, डोळे वटारतेस. बोलायचं तर समोर बघून बोल. हनुवटीवर पीठ तसंच घेऊन मी शाळेत गेले होते. आपण जे करतो त्याला भाषा म्हणायचं का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही आणि तू गेल्यावरही इतकी वर्षं पडला नाही. यंदा एका मुलीमुळे पडला.

मी कोल्हापुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. यंदा बारावीच्या निरोप समारंभात, ज्यांना दोन भाषा चांगल्या येतात त्यांचा गौरव करायचं आमच्या प्राचार्यांनी ठरवलं. छोटी परीक्षा घ्यायची आणि जे उतरतील त्यांना बिल्ला आणि प्रशस्तिपत्र द्यायचं. बहुतेकांनी मराठी आणि इंग्रजी सांगितलं, काहींनी कन्नड, काहींनी उर्दू. शेवटच्या बाकावरची एक मुलगी मात्र तास संपल्यावर माझ्याकडे आली. "मॅडम, माझी दुसरी भाषा हातांची हाय. आई-बाबा दोघंबी ऐकू न येणारं. चालंल की न्हाय?" मी तिला प्राचार्यांकडे घेऊन गेले. ते वाईट मनाचे नाहीत, पण गोंधळले. "अगं, पण ती लिहिता येत नाही. परीक्षा कशी घ्यायची?" मुलगी मागे हटली नाही. "सर, आजपातूर सगळी त्याला हातवारंच म्हणत आली. पावणं आलं की हसत्यात. तुम्ही एकदा भाषा म्हणा की." मी म्हणाले, परीक्षा मी घेते. का, ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

परीक्षेला तिची आई आली, प्राचार्यही येऊन बसले. हिरवी साडी, हात मांडीवर घट्ट धरून ठेवलेले. मला वाटलं, आता मी हिच्याशी सरळ बोलेन. किती वर्षांनी माझ्या हातांना काम मिळणार होतं. मी विचारलं, रविवारी काय करता? आणि गुलाल उधळला. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. मुलीला हसू आवरेना. "मॅडम, ही कुठली भाषा?" तिने तिची रविवारची खूण दाखवली, ती अगदीच वेगळी. तिच्या आईवडिलांची भाषा मूकबधिर शाळेत जमलेल्या शेकडो मुलांची होती. मला त्यातलं ओ की ठो कळेना. मग परीक्षा प्राचार्यांनीच सुरू केली. "आईला विचार, भीती आणि काळजी यांत काय फरक?" मुलीचे हात हलले, भुवया वर गेल्या. तिच्या आईने क्षणभर विचार केला आणि मांडीवरचे हात सोडले. किती भरभर बोलत होती ती! मुलगी सांगत गेली, "आई म्हणती, कुत्रं मागं लागलं की भीती. माझी एसटी चुकली, मी यायला उशीर झाला, की काळजी. भीती वाटली तर ती पळती. काळजीत दारातच हुभी राहती." प्राचार्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी आणखी विचारलं, आणखी विचारलं. परीक्षा बाजूला राहिली आणि तासभर नुसत्या गप्पा झाल्या. समारंभात त्या मुलीच्या प्रशस्तिपत्रावर दुसऱ्या भाषेच्या जागी सांकेतिक भाषा असं स्वच्छ छापलेलं होतं. टाळ्या वाजल्या तेव्हा तिची आई दोन्ही पंजे वर करून हलवत होती. त्यांच्याकडच्या टाळ्या तशा असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

कार्यक्रमानंतर त्या दोघी माझ्याजवळ थांबल्या. मुलीने विचारलं, "मॅडम, तुमची ती गुलालाची भाषा आणखी कोण बोलतं?" मी म्हणाले, माझी आई बोलायची. "आणि आता?" आता कोणी नाही, म्हणाले. "मग मला शिकवा की." कॉलेजच्या पायरीवर बसून मी तिला आठवतील तेवढ्या खुणा दाखवल्या. दाखवता दाखवता हात आपसूक एका खुणेवर गेला. दोन बोटं गालाला लावायची आणि तळवा हळूच बाहेर उघडायचा. तू मला अंथरुणावर घालताना भुवया उंचावून ती करायचीस. "ह्याचा अर्थ काय?" मुलीने विचारलं. मला सांगता येईना. तिने आपल्या आईला करून दाखवली. त्या बाईंनी ती दोनतीनदा स्वतःच्या गालावर करून पाहिली. "आई म्हणती, जेवलीस का, असं असंल." पण तेव्हा आपली जेवणं कधीच झालेली असायची.

आई, ती खूण मला कधीच कळली नव्हती. तू विचारायचीस आणि मी दर वेळी मान डोलवून हो म्हणायचे.