दीक्षाने निवडलेले विषय आणि माझी मिळकत

मी, श्रीमती राजश्री श्रीपत कासारे, वय सहासष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार बिरवाडी, तालुका महाड, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र घराच्या ओटीवर बसून, दिवसाउजेडी, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी व स्मरणशक्ती शाबूत आहे. महाडच्या डॉक्टर उज्वलाताईंनी मला तपासून तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. उलट माझी दोन्ही मुले "आई, आत्ताच कशाला हे?" म्हणून कुरकुरत आहेत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

वकील म्हणाले, "बाई, कोणाला काय एवढंच लिहा. का ते लिहायची गरज नसते." मी जन्मभर पोरांना 'कारणे द्या' असा प्रश्न घातला आहे. मी कारणे देणार.

१. माझे वारस दोन. मुलगा प्रितम, औद्योगिक वसाहतीतल्या औषधांच्या कारखान्यात पाळीवर कामाला. मुलगी दीक्षा. यजमान श्रीपत याच वसाहतीत ऑपरेटर होते. दीक्षा दहावीत असताना हृदयविकाराने गेले. मुलगी इंजिनियर व्हावी ही त्यांची इच्छा होती आणि ती तिने पुरी केली, हे आधी नमूद करते, म्हणजे पुढे कोणी तिच्याकडे बोट दाखवायला नको.

२. बिरवाडीचे राहते घर व त्यामागच्या भाड्याच्या खोल्या माझ्या व यजमानांच्या कमाईतून बांधलेल्या आहेत. घर व खोल्या प्रितमला. खोल्यांत कारखान्याची माणसे राहतात. त्यांना भर पावसाळ्यात खोली रिकामी करायला सांगू नये. यजमानांची हत्यारांची पेटी, पाने-पकडींसकट, प्रितमलाच. ती त्याने आत्ताही वापरायला नेली आहे, परत मात्र ठेवत नाही.

यातली विहिरीकडची खोली वावळकोंडच्या मुलामुलींना शिकण्यासाठी कायम मोफत द्यावी. राहायला येणाऱ्याला कोणता विषय घेतलास हे खुशाल विचारावे. 'तो बदल' असे मात्र सांगू नये. ही अट प्रितमवर व त्याच्यानंतरच्या मालकावरही बंधनकारक आहे. अट का घातली ते आता लिहिते.

३. वावळकोंड हे यजमानांचे मूळ गाव, पोलादपूरच्या वर, कशेडी घाटाच्या अलीकडे. खाली आमची बौद्धवाडी, वर शेतकऱ्यांची वाडी, तिला कोंड म्हणतात, मध्ये ओढा आणि डोक्यावर डोंगर. डोंगराला भेगा गेलेल्या आम्ही सगळ्यांनी पाहिल्या होत्या. दीक्षाने मातीचे आणि उतारांचे इंजिनियरिंग घेतले ते या डोंगरापायीच. सरकारी शिष्यवृत्ती मिळवून ती पुढे शिकायला नॉर्वेला गेली.

तिथे पदवीत काही विषय आपल्या पसंतीने, कुठल्याही शाखेतून घेता येतात. सुरुवातीला वर्गात बसून बघायचे आणि मग नाव पक्के करायचे, अशी पद्धत. एका रविवारी दुपारी मी तांदूळ निवडत होते, तेव्हा तिचा फोन आला.

"आई, आमच्यातल्या सगळ्यांनी कॉम्प्युटरचे नाहीतर मॅनेजमेंटचे विषय घेतलेत. ते घेतले तर एक कंपनी उन्हाळ्यात काम देणार आहे. नोकरीही तिथेच लागेल म्हणतात."

"मग तुझं कुठे अडलंय?"

"मला मानववंशशास्त्र घ्यायचंय. आणि 'आपत्ती आणि समाज'. आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींवरून इतिहास कसा लिहायचा, तो विषय."

माझा हात सुपातच थांबला. भीती वाटली, खोटे कशाला लिहू? बिरवाडीत कोणी विचारले तर या विषयांची नावे सांगायची कशी, हेसुद्धा मनात आले. पण मी विचारले, "त्या वर्गात काय झालं ते सांग आधी."

ती म्हणाली, "बाईंनी सगळ्यांना विचारलं, घर सोडून पळायची वेळ आली तर पहिलं काय उचलाल? कोणी म्हणालं पासपोर्ट, कोणी लॅपटॉप. मी म्हटलं, माझे काका गायीला बरोबर घेतल्याशिवाय घरातून हलणार नाहीत, आणि ते हलत नाहीत तोवर मीही नाही. सगळे हसले. बाई नाही हसल्या. म्हणाल्या, काकांना गायीसकट कसं बाहेर काढशील? ते शिकायचं असेल तर माझ्या वर्गात थांब."

"थांब त्या वर्गात," मी म्हटले.

"कंपनीचं काम जाईल, आई."

"जाऊ दे. दुसरं मिळेल."

४. तिचे काका, म्हणजे माझे दीर बुद्धरत्न कासारे. मुंबईत गोदीत नोकरी करून निवृत्तीनंतर वावळकोंडला गुरे पाळून राहिलेले. बातमी कळताच एसटीने बिरवाडीला आले, यजमानांच्या वेताच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी सभाच भरवली.

"वहिनी, ये क्या चल रहा है? फॉरेनला जाऊन हिस्टरी? ती तं हितं पोलादपूरला पन शिकवतात! इंजिनियर पोरगी हाय आपली, तिला गावगप्पांचा सब्जेक्ट कशाला? फोन लावा, कॅन्सल करा बोला. श्रीपतदादा असता तं हे झालंच नसतं."

मी म्हटले, "भाऊजी, ते नाहीत. मी आहे. आणि मी तिला हो म्हटलंय."

प्रितम पाळीवरून नुकताच आला होता, अंगावर कारखान्याचा वास. तो दारातूनच म्हणाला, "काका, परीक्षा तिला द्यायचीय, तुम्हाला नाय."

भाऊजी चहा न घेता गेले. पुढे वर्षभर ते आमच्याकडे फिरकले नाहीत. माझ्या शाळेतले एक जुने सहकारी गुरुजीही भर बाजारात मला म्हणाले होते, "बाई, ज्यांना गणित जमत नाही त्यांच्यासाठी असतात ते विषय." त्यांचे नाव लिहीत नाही. त्यांना माझ्या मिळकतीतून काहीही नाही. फक्त पत्ता देऊन ठेवते: वावळकोंड नवी वसाहत, पोलादपूरहून रिक्षा मिळते. येऊन बघून जावे.

५. सुरुवातीला दीक्षालाही ते विषय जड गेले. पहिला निबंध बाईंनी परत केला. तिने मातीचे थर, उतार, पाऊस सगळे बिनचूक लिहिले होते. बाईंनी खाली शेरा दिला, 'यात डोंगर आहे, गाव कुठे आहे?' पोरगी फोनवर रडली. मी म्हटले, "गावाला फोन लाव मग. मला कशाला लावतेस?"

तिने वरच्या कोंडातल्या काशीबाईंना फोन लावायला सुरुवात केली. काशीबाई लहान असताना डोंगराचा एक लचका सुटला होता. तेव्हा कोण कुठे पळाले, कोणी कोणाला घरात घेतले आणि कोणाला घेतले नाही, हे त्या तिला सांगत गेल्या. "गो पोरी, हे तुज्या कालेजात ऐकतात?" असे दर वेळी विचारायच्या. त्यावर लिहिलेल्या निबंधाने दीक्षा त्या विषयात वर्गात पहिली आली. तिच्या इंजिनियरिंगच्या शाखेतल्या पोरांत नव्हे, जे हाच विषय जन्मभर शिकत आले होते त्यांच्यात पहिली. हे मी बाजारात त्या गुरुजींना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले होते.

६. वावळकोंडची माझ्या नावावरची घराची जागा आता दरडीखाली आहे. ती मी दोन्ही वाड्यांसाठी ग्रामपंचायतीला देते. तिथे झाडे लावावीत, गवत कापावे. घर कोणीही, कधीही बांधू नये.

ती जागा दरडीखाली गेली कशी, हे लिहिणे भाग आहे. डोंगर धोक्याचा म्हणून दर पावसाळ्यात नोटीस यायची. माणसांना पोलादपूरला शाळेत नेऊन ठेवायचे, आणि माणसे एकेक करून परत वर यायची. खाली रस्त्याजवळ नवी जागा मंजूर झाली होती, तिथे कोणी पाऊलही टाकले नाही. साहेब लोक म्हणायचे, अडाणी आहेत, हट्टी आहेत.

दीक्षा परत आली आणि पुनर्वसनाचे काम करणाऱ्या एका संस्थेत लागली. तिने वावळकोंडच मागून घेतले. उन्हाळाभर ती तिथे राहिली. काशीबाईंबरोबर पाण्याला गेली, दारादारांत बसली. घर का सोडत नाही, असे तिने कोणाला विचारले नाही. गेलात तर मागे काय राहील, एवढेच विचारले. उत्तर प्रत्येक घरात एकच मिळाले: गुरे. शाळेत गुरांना जागा नव्हती, आणि नव्या वसाहतीच्या नकाशात एकही गोठा नव्हता. शिवाय नळ सगळे एका टोकाला आणि बौद्धवाडीची घरे दुसऱ्या टोकाला, नाल्यापलीकडे. जे वर होते तेच खाली उतरवले होते.

तिने आधी नव्या जागेची माती तपासली, मग दोन्ही वाड्यांना तिथे उभे केले आणि म्हणाली, "नकाशा आपण काढू. पहिला गोठा, मग घर. कोणाशेजारी कोण, ते तुम्ही सांगा."

वरच्या कोंडातला एक जण पुटपुटला, "म्हंजे आमच्या भिंतीला भिंत लावनार काय बौद्धवाडीची?"

मीही त्या दिवशी तिथे होते. आता सगळे मोडणार असे वाटले. मग काशीबाई पुढे झाल्या.

"मला बुद्धरत्नाच्या शेजारचं घर लिव्ह गो दीक्षा. त्यो घोरतो, पन भांडत नाय. ज्याला डोंगराच्या शेजारी ऱ्हायचं हाय त्यानं ऱ्हावं वरती."

आधी बायका हसल्या, मग पुरुष. दुपारपर्यंत नकाशा जमिनीवर फक्कीने आखून झाला होता, नळ मधोमध. दीक्षाने तो वरपर्यंत नेऊन मंजूर करून घेतला, त्यासाठी किती उंबरे झिजवले ते तिलाच ठाऊक. पुढच्या वर्षी पाडव्यानंतर गोठे उभे राहिले, गुरे खाली आली, आणि गुरांमागे माणसे आली. काही घरांना अजून दारे नव्हती, तरी आली.

जुलैत एके दिवशी भर दुपारी डोंगर सुटला. बौद्धवाडी आणि वरचा कोंड, दोन्ही मातीखाली. माणूस एकही नाही. जनावर एकही नाही. भाऊजी नव्या गोठ्याच्या दारात उभे राहून ते बघत होते. आवाज थांबल्यावर त्यांनी दीक्षाला फोन लावला. ती माझ्याजवळ बिरवाडीला होती, म्हणून मी हे कानाने ऐकलेले लिहिते.

"पोरी, सगले हाव आमी. गाय पन हाय." मग म्हणाले, "तुजा त्यो सब्जेक्ट. नाव काय बोल्लीस त्याचा?"

"मानववंशशास्त्र, काका."

"माणूसशास्त्र," ते म्हणाले. "बराबर. लिवून ठेवतो."

दीक्षाने फोन ठेवला आणि माझ्या गळ्यात पडली. आम्ही दोघी खूप रडलो, मग मी गोड शिरा केला. आता पोलादपूरच्या स्टँडवर भाऊजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की आमच्या घरात माणूसशास्त्रातली पहिली पोरगी आहे. मी त्यांची दुरुस्ती करत नाही.

७. माझी सोन्याची बोरमाळ दीक्षाला. लग्नासाठी म्हणून नव्हे. लग्न करो न करो, तिची आहे. माझी पुस्तके व पृथ्वीचा गोल नव्या वसाहतीच्या अंगणवाडीला. शिलाई मशीन सूनबाई श्रुतिकाला, ती माझ्यापेक्षा सरळ शिवते.

८. यजमानांची वेताची खुर्ची माझे दीर बुद्धरत्न यांना. त्या खुर्चीत बसून त्यांनी जे म्हटले ते मी माफ केले आहे. विसरले मात्र नाही. त्यांना या मृत्युपत्रावर साक्षीदार व्हायचे होते. ज्याला काही मिळते त्याने साक्ष घालू नये, असे वकिलांनी सांगितल्यावर म्हणाले, "मग खुर्ची नको, सही करतो." मी म्हटले, "भाऊजी, खुर्ची घ्यावीच लागेल." घेतली.

९. बँकेतली ठेव दोन्ही मुलांना सारखी. व्यवस्था दोघांनी मिळून पाहावी. भांडण झाल्यास काशीबाईंकडे जावे, कोर्टात जाऊ नये.

१०. माझे अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधेपणाने करावेत. भाषणे नकोत. कोणाला बोलायचेच असेल तर नव्या वसाहतीत जाऊन एक रोप लावावे आणि ते जगवावे.

११. शेवटचे. मी आजारी नाही. हे मृत्युपत्र आत्ता करण्याचे कारण विमानप्रवास आहे. दीक्षाला नॉर्वेच्या तिच्या विद्यापीठाने एका सत्रापुरते शिकवायला बोलावले आहे. वावळकोंड खाली कसे आले, हाच विषय. तिच्याबरोबर मीही जाते. त्या वर्गात बाहेरच्या माणसांनाही बसता येते, म्हणून मी विद्यार्थिनी म्हणून नाव घातले आहे. लोकरीचे मोजे प्रितमने आणले, इंग्रजी श्रुतिका घोटून घेते आहे. निबंध मी मराठीत लिहीन, दीक्षाने तो तपासायचा असे ठरले आहे. ती तपासायला कडक आहे. तिने मला नापास केले तरी या मृत्युपत्रात काहीही बदल होणार नाही.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली आहे आणि त्यांनी माझ्या समोर सह्या केल्या आहेत.

ठिकाण: बिरवाडी, तालुका महाड
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

(सही) राजश्री श्रीपत कासारे

साक्षीदार:
१. (सही) काशीबाई गोमाजी शेलार, राहणार वावळकोंड नवी वसाहत, तालुका पोलादपूर
२. (सही) डॉ. उज्वला भरत साळवी, राहणार महाड