बालाघाट्या, खंड दुसरा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आला शेवटी! ‘बालाघाट्या’ कॉमिकचा खंड दुसरा. अंक सात ते बारा एकत्र, गुळगुळीत कागद, चारशे रुपये. मासिकाच्या संपादक शिवांजली मॅडमनी परीक्षणासाठी पाठवलाय. हजार शब्द, वीस तारखेच्या आत. म्हणाल्या, पहिले सहा अंक तुम्हीच लिहिलेत, तुमच्याइतकं आतून कोण सांगणार? नाही म्हणायला हवं होतं. हो म्हणालो. मग दिवसभर अकरावीला समास शिकवला आणि सगळं लक्ष पिशवीत.

५ नोव्हेंबर

उघडला नाही.

७ नोव्हेंबर

उघडला. चित्रं काढणाऱ्या रविचा हात सुधारलाय — आणि ते बघून मला वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू.

पान चौदा. खडी क्रशरवाल्याने डोंगराला सुरुंग लावलाय आणि बालाघाट्या अंगाचा कातळ करून मध्ये उभा. धूळ काढलेलीच नाही, कागद कोरा सोडलाय. तरी नाकात जाते! मराठीत असं पान कुणी केलेलं नाही. दहा मिनिटं तिथंच थांबलो.

मग परत मागे, पान तीनवर. पंक्चरचं दुकान. ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधणारी बोटं. ती बोटं अब्बांची आहेत. बसस्टँडमागच्या आमच्या दुकानात रवि आठ दिवस बसून त्यांचे हात काढत होता. अब्बा त्याला गिऱ्हाईक सोडून चहा पाजायचे. आता त्या बोटांच्या वर पाटी आहे — ‘ओंकार टायर्स’.

पहिल्या खंडात तिथं ‘उस्मान टायरवाला’ होतं, बालाघाट्याचं खरं नाव.

९ नोव्हेंबर, रविवार

चार वर्षं झाली. सातव्या अंकाची पानं घेऊन रवि घरी आला होता. पाटी बदललेली, नायकाच्या आईच्या डोक्यावरची ओढणी गेलेली. मी म्हणालो, हे काय? तो खाली बघत होता. पुण्याचे प्रकाशक म्हणतात, त्या नावावर अंक खपत नाही. मी विचारलं, आणि तू काय म्हणालास? तेव्हा तो जे बोलला ते अजून कानात आहे —

“नाव बदललं म्हणून मानूस बदलतो का बे, शहेबाज?”

बदलतो! उस्मान मीच घडवला होता. लोक ज्या कामावरून आम्हाला टोमणे मारतात, तेच काम करणारा माणूस डोंगराएवढा करायचा होता मला. ओंकार पंक्चर काढतो तेव्हा तो नुसता पंक्चर काढतो.

त्या दिवशी रविला नको ते बोललो. दुकानदाराची औलाद, बापाचं नाव पण विकशील. त्याचे वडील वैजिनाथकाका मला पोरासारखं जेवू घालायचे. त्यांच्याकडेही नंतर गेलो नाही.

१४ नोव्हेंबर

टिपणं काढतोय. चुका आहेत, आणि मी शोधायला बसलोय म्हणून सापडतायत असं नाही.

मुख्य म्हणजे किंमत गेली. आमचा नियम होता — तो जेवढ्या वेळा दगड होईल तेवढ्या वेळा अंगाचा एखादा तुकडा दगडच राहील. सहाव्या अंकापर्यंत डावा कान आणि दोन बोटं गेली होती. दहाव्या अंकात हा तीन वेळा दगड होतो आणि घरी जाऊन मस्त भाकरी खातो! फुकटची ताकद. वाचकाला काळजी कशाची वाटावी?

संवाद लांबले आहेत. क्रशरवाला भाषण देतो. मी असतो तर तो बोललाच नसता, नुसता हॉर्न वाजवला असता.

मी असतो तर! किती वेळा लिहिणार हे?

१९ नोव्हेंबर

पाठवलं. रंग, रेषा, पान चौदा — सगळं प्रामाणिकपणे लिहिलं. शेवट असा केला: “ज्या चित्रकाराला आपल्याच नायकाचं नाव घ्यायची भीती वाटते, त्याच्या नायकाच्या ताकदीवर वाचकाने विश्वास का ठेवावा?”

चार वर्षांत इतकं नेमकं वाक्य लिहिलेलं नाही. मॅडमचा फोन आला, फार लागेल त्यांना, जरा सौम्य करता का? म्हणालो, मुळीच नाही.

८ डिसेंबर, सोमवार

मासिकाचा अंक आला. स्टाफरूममध्ये दोघांनी पाठ थोपटली. एकाने तर ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. बरं वाटलं. दुपारपर्यंत.

रविचा मेसेज — चार वर्षांत पहिला. “वाचलं. चाचाची तब्येत कशी हाय?”

बस्स! ना राग, ना खुलासा. मी त्याला भित्रा म्हणालो आणि हा अब्बांची तब्येत विचारतो. उत्तर दिलं नाही.

११ डिसेंबर

अब्बांना मराठी छापील वाचायला जड जातं. आज अफसानाने त्यांना पूर्ण परीक्षण वाचून दाखवलं. मला न विचारता. म्हणाली, बायको म्हणून मला कौतुक वाटलं, त्यांनाही वाटेल.

मी कॉलेजातून आलो तर अब्बांचं ताट तसंच. विचारलं, परीक्षण आवडलं नाही का? रविने किती दिवस चहा घेतला असेल आपल्याकडे, एवढंच म्हणाले.

१२ डिसेंबर, शुक्रवार

नमाजहून आल्यावर अब्बांनी मला समोर बसवलं.

“मैंच बोला था रवि को. नाम बदल डाल.”

सहावा अंक घेऊन चारजण दुकानावर आले होते. उस्मानचं चित्र दाखवून हा तूच का, म्हणून विचारलं, दुकानाचा फोटो काढला, हसले आणि गेले. अब्बांनी घरी कुणाला सांगितलं नाही. रविकडे गेले. माझं पोरगं माझं ऐकणार नाही, तू त्याला प्रकाशकाचं कारण सांग, म्हणाले. आणि मला कधी सांगायचं नाही अशी त्याला शपथ घातली.

रविला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. मी काही बोलायच्या आतच त्याने विचारलं, “चाचा बरे हायत ना?”