घोडीसोबत माहेरी

आत्याबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला पाहिलेलं माणूस या घरात आता मी एकटीच उरले. काल तुमच्या पणतूनं पागेतला शेवटचा खुंटा उपटला. तिथं त्याची मोटारसायकल लावायचीय. खुंटा निघता निघेना, दोघं जण घामाघूम झाले, आणि मला हसू आलं. वाटलं, ही खबर तुम्हाला सांगायला पाहिजे. घोड्यांच्या अंजुमनीची प्रत्येक खबर मामंजींच्या आधी तुम्हाला लागायची, मंग शेवटची का लागू नये? म्हणून नातीला म्हटलं, घे कागद, मी सांगते तसं लिही, मधे तुझं शहाणपण घालू नकोस. तुम्हाला वाचता येत न्हवतं, मला लिहिता येत न्हाई. आपला सासू-सुनेचा पत्रव्यवहार चांगला जमला असता.

नात विचारते, अंजुमन म्हणजे काय गं आजी? निजामाच्या राज्यात चार माणसं कशासाठीही बसली की त्याला अंजुमन म्हणायचे. आपली ही दख्खनी घोडी पाळणाऱ्यांची. बदनापूर, अंबड, पार परतूरपर्यंतची घरं त्यात. पाटील होते, देशमुख होते, एक वाणी होता, ज्याला घोड्यावर धड बसता येत न्हवतं पण घोडी सोडवत न्हवती. जालन्याच्या बाजारादिवशी चिंचेखाली घोंगड्या पसरून बसायचे. मधे मामंजी, सगळ्यांत बुटके आणि सगळ्यांत ताठ. सगळा कारभार तोंडी. जातीत भेसळ करायची न्हाई. घोडी विकायची तर आधी अंजुमनीतल्या घराला विचारायचं. आणि सगळ्यांत मोठा कायदा असा, की घोडी कुणाच्याही दारी नांदू दे, तिचं पहिलं बाळंतपण तिच्या जन्माच्या पागेत, म्हणजे तिच्या माहेरी. तिची आई, आजी ज्यांनी पाहिली त्यांनी शिंगराकडं बघून चारचौघांत सांगायचं, हे आमच्याच रक्ताचं. तसं कुणी सांगितलं न्हाई तर ते शिंगरू अंजुमनीच्या लेखी नुसतं जनावर.

खबर घेऊन यायचा नालबंद चाचा. गावोगाव नाल ठोकत फिरायचा आणि एका गावचं दुसऱ्या गावात ओतायचा. ओसरीखाली घोडीचा खूर मांडीवर घेऊन बसला की आधी हाक द्यायचा, "आक्का, ताक गार द्या, खबर गरम हाय!" तुम्ही दाराआडून विचारायच्या, "कुणाकडं काय?" मंग त्याचा पाढा सुरू. "देशमुखाकडं शिंगरू झालं, चारी पाय पांढरे, मिजास बिलकुल बापाची. वाण्याची घोडी लंगडून राह्यली. वाणी बी लंगडून राह्यला. दोघं एकाच खड्ड्यात पडले." रात्री जेवताना तुम्ही ते मामंजींच्या कानावर घालायच्या, भाकरी वाढल्यासारखं, थोडं थोडं. आणि ते समजायचे, अंजुमन आपण चालवतो.

माझा बाप अंबडकडचा, तोही अंजुमनीतला. लग्नात त्यानं मला दिलं आणि सोबत एक तांबडी तरणी घोडी दिली. वरात आली तेव्हा अर्धं गाव आधी तिच्याभोवती जमलं, हे मी अजून विसरले न्हाई. दोन वर्षं सगळं गोड होतं. मंग माझ्या बापाला काय सुचलं, त्यानं त्याची दुसरी एक घोडी सरकारी अरबी घोड्याला दाखवली. शिंगरू झालं उंच, सडपातळ, लांब पायांचं. आणि ते घेऊन तो जालन्याला चिंचेखाली आला, मिरवायला. मामंजींनी मान वर करून शिंगराकडं बघितलं आणि म्हणाले, "व्याही, बैठक घोड्यांची होती. उंट काय आणला?" माझ्या बापाची जीभ माझ्यासारखीच. तो म्हणाला, "जमिनीलगत राहून बघितलं की सगळंच उंटासारखं दिसतं, पाटील." लोक हसले. मामंजी उठले. म्हणाले, याच्या घरचं पाणी मला वर्ज्य, आणि माझ्या घरचं माणूस याचा उंबरा चढणार न्हाई. ते घरी पोचायच्या आधी नालबंद चाचा आपल्या ओसरीवर पोचला होता. त्या दिवशी त्यानं ताक मागितलं न्हाई, त्यावरूनच मी ओळखलं.

मला तेव्हा पाचवा चालू होता. घोडीही गाभण होती, ती माझ्यापुढं. शेजारची, माझ्याच वयाची, त्या सालात बाळंतपणात गेल्ती. पाणी आणायला जाताना तिच्या घरावरची वाट टाळून मी लांबून फेरा घ्यायचे. मला आई पाहिजे होती, दुसरं काही न्हाई. ते तुमच्यापुढं बोलायची हिंमत न्हवती, आणि न बोलताही तुम्हाला कळलं असावं असं मला वाटायचं. पण तुम्ही म्हणालात काय? "उद्यापासून घोडीची चंदी तूच चारायची. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा न्हाई."

मी मनातल्या मनात तुम्हाला काय काय म्हटलं ते नातीला सांगत न्हाई, ती लिहून ठेवेल. पहाटे भिजलेले हरभरे उपसायचे, तोबऱ्यात भरायचे, तो घोडीच्या तोंडाला बांधायचा, खाणं झालं की तळहातावर गुळाचा खडा. पोट पुढं आलेलं, घोडीचंही आणि माझंही, दोघी एकमेकींना अडून राह्यलो. एक दिवस कंबर फार दुखत होती म्हणून गड्याला म्हटलं, आज तू लाव. तुम्ही कुठून बघितलंत देव जाणे. भरल्या अंगणात त्याच्या हातातला तोबरा ओढून घेतलात आणि माझ्यापुढं आपटलात. "तुझ्या बापाची घोडी हाय ना? मंग तुझ्याच हातानं खाईल!" हरभरे अंगणभर झाले. मी ते वेचत होते आणि डोळ्यांतलं पाणी त्यात पडत होतं. मामंजी ओसरीवरून बघत होते. त्यांनाही वाटलं असेल, बाई जरा जास्तच करून राह्यली. संध्याकाळी चुलीजवळ तुम्ही माझ्या ताटात लोण्याचा गोळा टाकलात आणि तोंड फिरवून बसलात. मला लोणीही कडू लागलं.

घोडीचे दिवस भरत आले तसं नालबंद चाचानं विचारलं, "पाटील, अंजुमन पुसून राह्यली, घोडी कधी निघणार?" मामंजी पेचात पडले. स्वतःच बांधलेला कायदा. मोडला तर चिंचेखाली कुठल्या तोंडानं बसणार? आणि पाळला तर शिंगराची ग्वाही ज्याच्याशी पाणी तोडलं त्याच्या तोंडून. मंग त्यांनी वाट काढली, की घोडी जाईल, गडी नेईल. घरचं माणूस जाणार न्हाई. घोडीला निरोप द्यायला देशमुख आणि तो वाणी सकाळीच येऊन बसले होते. सगळं ठरल्यावर तुम्ही दाराआडून बोललात, हळू, जसं काही आत्ताच सुचलं. "घोडी जाऊ द्या. पण ती सुनेच्या हातचंच खाते. तिथं उपाशी राह्यली आन पोटातलं गेलं, तर अंजुमनीला काय सांगता?"

"कायतरीच," मामंजी म्हणाले. "लाव रे तोबरा."

गड्यानं तोबरा लावला. घोडीनं तोंड झटकलं. पुन्हा लावला, तिनं मान वळवून त्याच्याकडं पाठ केली. वाण्यानं चुचकारून बघितलं, तर ती त्याच्या पायावर पाय देता देता राहिली. देशमुख म्हणाले, "सुनेला बोलवा बरं." मी आले. सवयीनं हात पुढं केला, तळहातावर गूळ होता, आणि घोडीनं आपलं सगळं तोंड माझ्या ओंजळीत खुपसलं. मंग देशमुखच हसले. "पाटील, आता घोडीसाठी तरी पाठवा. व्याह्यासाठी पाठवू नका." मामंजी पुष्कळ वेळ मिशा ओढत बसले. म्हणाले, "घोडीसोबत जाईल. घोडीसोबत येईल."

मी तुमच्या पाया पडायला वाकले. तेव्हा दिसलं, तुमच्या निऱ्यांना भिजल्या हरभऱ्यांची टरफलं चिकटलेली. एक न्हाई दोन न्हाई, खालपर्यंत. आत्याबाई, ती घोडी इतकी हावरी, की वाळत घातलेलं धोतर चघळायची. तिनं गड्याच्या हातचं नाकारावं? तिचं पोट भरलं होतं म्हणून नाकारलं. सगळे उठायच्या आधी तुम्ही तिला गळ्यापर्यंत चारून आल्या होत्या. महिनाभर मला राबवलंत, अंगणात रडवलंत, ते सगळं गावानं बघावं म्हणून, की ही घोडी फक्त सुनेची. आणि ऐन दिवशी घोडीवर भरवसा ठेवला न्हाई. मी मान वर करून तुमच्याकडं बघितलं. तुम्ही निऱ्या झटकल्या आणि म्हणालात, "बघत काय बसलीस? ऊन चढून राह्यलं."

छकड्यात मी, मागं घोडी, तिच्यामागं गडी. हळूहळू गेलो, वाटेत अंजुमनीतल्या एका घरी मुक्काम केला. तिथल्या बाईनं घोडीचे पाय कढत पाण्यानं शेकले आणि मला विचारलं, "तू कशाला गं?" मी म्हटलं, मी तोबरा धरायला. बापाच्या अंगणात उतरले तेव्हा आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि बापानं घोडीच्या. संध्याकाळी चंदी काढायला तोबऱ्यात हात घातला, तर हरभऱ्यांखाली फडक्यात बांधलेले डिंकाचे लाडू. मामंजींच्या डोळ्यांदेखत तुम्ही तो तोबरा माझ्या हातात दिला होता, "घोडीचं हाय, जपून ने," म्हणून. आई म्हणाली, सासू चांगली आहे तुझी. मी म्हटलं, तू तिला ओळखत न्हाईस.

पुढचं तुम्हाला नालबंद चाचानं सांगितलंच असेल, पण तो तेव्हा खाली मान घालून नाल ठोकत होता. मी खिडकीतून बघत होते, माझं ऐका. शिंगरू झालं, मादी, आईसारखी तांबडी. अंजुमन जमली. मामंजी आले, पण फाटकाबाहेर लिंबाखाली बसले, उंबऱ्यापासून दूर. शिंगरू बाहेर नेलं. माझा बाप त्याच्याभोवती फिरला, मानेवरची केसांची भोवरी बघितली, खूर बघितले, पुष्कळ वेळ लावला. मला धडकी भरली, कारण त्यानं एक शब्द वाकडा टाकला असता तर तो मला आयुष्यभर पुरला असता. मंग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भोवरी हिच्या आजीची. खूर हिच्या आईचे. जात अस्सल दख्खनी, माझी ग्वाही." आणि थांबून, "उंची तेवढी व्याह्यांची आली."

हसावं की न्हाई, कुणाला कळेना. मामंजी जागचे हलले न्हाईत. त्यांनी शिंगराच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसरीकडंच बघत गड्याला विचारलं, "घोडीला पाणी दावलं का?" गडी म्हणाला, दावलं. "मंग मला बी आणा." माझा बाप स्वतः तांब्या घेऊन गेला. घरी येऊन त्यांनी तुम्हाला सांगितलं असेल, ऊन फार होतं. ऊन न्हवतं, आत्याबाई. आभाळ आलेलं होतं.

माझा लेक त्यानंतर झाला, सुखरूप, आईच्या हातावर. मामंजी पुन्हा आले ते या वेळी उंबऱ्याच्या आत, आणि आधी शिंगराला बघून मंग नातवाला बघितलं. पुढं निजाम गेला, चिंचेखालची बैठक विरळ झाली, एसट्या आल्या, घोड्या एकेक करून गेल्या. त्या शिंगरीची नात आपल्या पागेतली शेवटची. तिचाच खुंटा काल उपटला.

नात म्हणते, हे कुठं पाठवायचं? कुठं न्हाई. नालबंद चाचा कधीचाच तिकडं गेलाय, त्यानं माझ्याआधी सगळं सांगून टाकलं असेल, ताकासुद्धा. ट्रंकेत ठेव, माझ्या लुगड्यांखाली. फक्त एक गोष्ट त्याला ठाऊक न्हाई. माहेरी मी अजून पुष्कळ राहू शकले असते. घोडीही तिथून हलायला तयार न्हवती, पाय रोवून उभी राहायची. पण एके सकाळी मी आईला सांगितलं, घोडीची चंदी संपत आली, आता निघायला पाहिजे. आई बिचारी माझं गाठोडं बांधायला लागली.

चंदी पोतंभर शिल्लक होती, आत्याबाई. मला तुमच्या चुलीजवळ यायचं होतं.