पैऱ्याची माणसं

माधवनगर,
१० नोव्हेंबर १९७४

प्रिय मालन,

माझं अक्षर पाहून दचकू नकोस. रागावून लिहीत नाही. जिनपालच्या मित्रमंडळींत मला 'हेडबाई' म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि ते नाव मी कमावलेलं आहे.

त्याची पाठीवरची खाकी पिशवी मी परवा धुतली. धुवायला नको होती. चुलीच्या धुराचा वास होता तिला, तो गेला. मिरजेच्या जुन्या बाजारातून ती त्याने आणली तेव्हा मी म्हटलं होतं, लष्करात जायचं नाही तर हे ओझं कशाला. गेल्या दिवाळीत तुम्ही कॉलेजची मुलं महाबळेश्वरहून कोयनेच्या खोऱ्यात चालत उतरलात. बाकीचे परत आले, हा मागे राहिला. मे महिन्यात पुन्हा गेला. बरोबर कोण आहे असं विचारलं, तर म्हणाला, एक मित्र. मी पुढे विचारलं नाही. मुलाला प्रश्न विचारून भंडावू नये असं माझं मत होतं.

परत आला तो काळा पडून, हाताला घट्टे पाडून. डोंगरावर आकाराम म्हणून एक माणूस आहे, तो गोणीतलं खत रानात येऊ देत नाही, शेण, राख आणि पाला एवढ्यावर नाचणी पिकवतो, असं जेवताना सांगत बसायचा. त्याच्याकडे फुकट राबून आलो हे तर असं सांगायचा, जणू परीक्षेत पहिला आलाय. बी.ए. करून शेण पाटीत भरायचं होतं तर आधी सांगायचंस, फी वाचली असती, असं मी म्हणाले. तो हसला. त्याचं हसणं तुला माहीत आहे. पुढे आषाढात कावीळ झाली, आणि पर्युषणाच्या आधीच सगळं संपलं.

तिसऱ्या दिवशी तू आली होतीस. चार मुलामुलींत दाराजवळ बसलीस, चहा घेतलास, नमस्कार करून गेलीस. धीराची मुलगी आहे, असं मला वाटलं. त्यापलीकडे मी तुझ्याकडे पाहिलं नाही.

गुरुवारी आकाराम आणि त्याची बायको सुलाबाई दारात उभी राहिली. खांद्यावर खुरपी आणि भाकरीचं गाठोडं. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. "जिनपालच्या पैऱ्याला आलोय," आकाराम म्हणाला. त्यांच्याकडे ती रीत आहे, आज तू माझ्या रानात राबलास, उद्या मी तुझ्या. फुकट राबणं त्यांना समजतच नाही. ते त्यांनी पैऱ्यात धरलं होतं आणि फेडायला आले होते. मला सांगावं लागलं. वर्गासमोर उभं राहून सांगावं तसं मी सांगितलं, दुसरी तऱ्हा मला येत नाही. सुलाबाई उंबऱ्यातच खाली बसली. "लय जपून खणायचं वो ते लेकरू," ती म्हणाली. "येकेक गांडूळ उचलून बाजूला ठेवायचं. आमी म्हनायचो, आलं बगा गांडुळांचं मामा." ती हसली आणि तशीच रडू लागली. घरात एवढ्या मोठ्यांदा कोणी रडलं नव्हतं. मीही नाही.

रात्री मी म्हटलं, आता तुम्ही परत जा, ज्याचा पैरा तोच राहिला नाही. आकाराम म्हणाला, "मानूस गेलं म्हून पैरा फिटत न्हाई, आई. घरच्यास्नी फेडाय पायजे. तुमचं रान कुटं हाय तेवडं दावा." आम्हाला रान नाही, ह्यांची सगळी नोकरी गिरणीत गेली, असं मी सांगितलं. दोघं एकमेकांकडे बघू लागली. मग सुलाबाई म्हणाली, "आवं, असं कसं? त्यानं सांगितलं हुतं की, आमचं रान कुंडलला हाय म्हून. वैनी तितंच असत्याल न्हवं?"

मालन, आमची जात जैन, तुझी मराठा. मला विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, ते आता शोधत बसत नाही. कुंडलची मला एकच मुलगी माहीत होती, तू. मे महिन्यातला तो 'एक मित्र' कोण, ते मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "व्हय. सूनबाई तिथंच आहे."

हे पत्र त्यासाठी. त्यांची नाचणी काढून झाली की ती दोघं तुमच्या रानात येतील. भुईमूग नसला तर शाळूची खुरपणी असेलच. सगळ्यांदेखत ती तुला वहिनी म्हणणार. ते नको असेल तर दोन ओळींचं कार्ड टाक, मी निरोप पाठवून त्यांना इकडे बोलावीन आणि परसात काहीतरी खणायला लावीन. वडिलांना काय सांगायचं ते तू ठरव. त्यांनी विचारलंच तर माझ्याकडे पाठव, मी बोलेन. मी तुला बांधून ठेवत नाही. उद्या चांगलं स्थळ आलं तर हो म्हण आणि पत्रिका द्यायला माझ्याकडे ये. पण माझ्या घरून तू पाहुण्यासारखी चहा पिऊन गेलीस, ते मला सोसत नाही. सुलाबाई येईल तेव्हा तिच्याजवळ बस आणि रडून घे. कोणी विचारलं, ही का रडते, तर सांग, सासूने सांगितलंय.

तुझीच,
राजमती