सातव्या बाकावरचे बोर्ड

मंगळवार, २ फेब्रुवारी १९८८

आणखी एक टी.व्ही. कारखान्यात परत आला. पंधरा दिवसांत तिसरा. पोखर्णीचे भगवानराव मास्तर घेऊन आले — गोधडीत गुंडाळून, एस.टी.त मांडीवर ठेवून. म्हणाले, "रविवारी निम्मं गाव आमच्या ओसरीत बसलेलं, अन् ऐन टायमाला चित्र गेलं. लोक माझ्याकडंच बघायलेत, जसं मीच बंद केलं."

मागच्या झाकणातली चिठ्ठी पाहिली. जोडणी — बाक क्र. ७. तपासणी — माझी सही. सही खरी आहे. दर सोमवारी मी कोऱ्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर सह्या करून ठेवते. वेळ वाचतो, असं मॅनेजर व्यंकटरावांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. शंका तेव्हाच यायला हवी होती.

बाक सात म्हणजे सत्यशीला.

गुरुवार, ४ फेब्रुवारी

व्यंकटरावांनी बोलावलं. "तिन्ही सेट सातव्या बाकाचे निघाले. पोरीचा हात कच्चा आहे. या महिनाअखेर तिचे सहा महिने भरतात. तुम्ही लेखी अहवाल द्या, मग बघू."

बघू म्हणजे घरी पाठवणार. उमेदवारीच्या मुलीला काढायला आणखी काय लागतं?

बावीस मुलींत तिचाच बाक का? कारखान्यात आमच्या समाजाच्या आम्ही दोघीच. मुलाखतीत मी पूर्ण नाव सांगितल्यावरही आडनाव पुन्हा विचारलं गेलं होतं. जेवणाच्या सुट्टीत विद्यापीठाच्या नावाचा विषय चाललेला असतो. आम्ही डबे घेऊन आलो की तो उन्हातान्हावर येतो. यातून काही सिद्ध होत नाही. लिहून ठेवते इतकंच.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

मास्तरांचा सेट उघडला. दोष सापडला — एक सोल्डरचा जोड कच्चा, हलवला की चित्र जातं. दुरुस्ती पाच मिनिटांची. पण बोर्ड लगेच परत बसवला नाही.

सत्यशीला डावखुरी आहे. धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून मान वळवून बसते. तिचा प्रत्येक जोड एका बाजूला थोडा कललेला असतो. या बोर्डावरचे एकशे अठरा जोड भिंगातून पाहिले. एकही कललेला नाही. सगळे एकसारखे, चपटे. हे यंत्राचं काम आहे, आणि आमच्याकडे ते यंत्र नाही.

आधीचे दोन सेट काढले. तेही तसेच.

हा बोर्ड सातव्या बाकावर बनला नाही. बाविसांपैकी कुठल्याच बाकावर नाही. मग आमच्या मुली दिवसभर बनवतात ते कुठे जातं?

रविवार, ७ फेब्रुवारी

पूर्णेला घरीच. बाबांनी जुना व्हॉल्व्हचा रेडिओ काढला. नोकरी रेल्वेत वायरमनची, पण जीव रेडिओत. संध्याकाळी ओळीने लोक सेट घेऊन यायचे. मागचं झाकण काढलं की बाबा सांगायचे, "याला नांदेडच्या अमक्याचा हात लागलाय." जोड पाहून माणूस ओळखायचा, हे मी तिथे शिकले. डिप्लोमात ते नव्हतं.

आज म्हणाले, "तवा कामात इमान होतं बाई. आता समदे खोके विकायलेत."

मी नऊ वर्षांची असताना त्यांनी जुना व्हॉल्व्ह पुसून नव्या खोक्यात घालून दिला होता. मी पाहिलं होतं. त्यांना ते माहीत नाही. तरी तो काळ आठवला की बरं वाटतं, आणि बरं वाटतं याचाही संशय येतो.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

स्टोअरचे पंडित यांना सरळ विचारलं. त्यांनी आधी दार लावलं.

"तुमाला आत्ता कळायलंय? सेट पुण्याहून तयार येतात. आपण मागं परभणीची पाटी लावतो अन् तुमची चिठ्ठी डकवतो."

"आणि मुलींचे बोर्ड?"

"मागल्या शेडात. गोण्यात. मागास भागाची सवलत पाहिजे तर कारखाना दिसला पाहिजे, पोरी दिसल्या पाहिजेत. तुमी बी दिसल्या पाहिजेत, मॅडम. डिप्लोमावाल्या." आणि हसले.

शेडात जाऊन आले. एक गोणी सोडली. वरचाच बोर्ड सत्यशीलाचा, कललेल्या जोडांचा. उत्तम काम.

ही म्हणे उद्याची इंडस्ट्री. मागच्या वर्षी उद्घाटनाच्या भाषणात हे शब्द सात वेळा आले होते.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या बंद केल्या. व्यंकटरावांनी विचारलं, हात दुखतो का. हो म्हटलं.

रविवार, १४ फेब्रुवारी

येत्या गुरुवारी उद्योग खात्याचे साहेब पाहणीला येणार आहेत. अहवाल त्यांच्याच हातात द्यायचा, असं ठरवलं.

किती लिहायचं, हा प्रश्न होता. सगळं लिहिलं तर कुलूप लागेल आणि बावीसजणी घरी बसतील. म्हणून फक्त तीन बोर्ड. आकृती काढल्या, जोडांचा कल अंशांत दिला. निष्कर्ष एकच — हे काम सत्यशीलाचं नाही. पुढचं साहेबांनी ओळखावं, किंवा ओळखू नये. तिची नोकरी वाचली पाहिजे.

दोन पानं झाली. तिसऱ्यांदा लिहिलेली.

सोमवार, १५ फेब्रुवारी

सकाळच्या गाडीला पिंगळीला सत्यशीला नेहमीसारखी चढली. समोर बसली. हरभऱ्याचे ढाळे आणले होते, निम्मे माझ्या ओटीत टाकले.

"ताई, चार दिस झाले, लय गप बसायलात."

डोकं दुखतं म्हटलं. तिला जितकं कमी माहीत, तितकी ती सुरक्षित.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

साहेब आले. चहा, फरसाण, हार. मुली इस्त्रीचे एप्रन घालून बसलेल्या. तपासणीच्या टेबलापाशी आले तेव्हा मी कागद पुढे केले. व्यंकटरावांचा चेहरा उतरला. साहेबांनी पहिलं पान उभ्यानेच वाचलं आणि सत्यशीलाला बोलावलं.

"हे बोर्ड तुमच्या हातचे नाहीत, असं या म्हणतात."

तिने बोर्ड घेतला, उलटा करून पाहिला.

"माझेच हायत साहेब. तवा नवीन होते. घाई झाली."

साहेबांनी कागद मला परत दिले. "मेहनत चांगली घेतलीत, बाई." आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. परतीच्या गाडीत दुसऱ्या डब्यात बसली. कुणी घाबरवलं? कधी? की काही देऊ केलं? सगळ्या शक्यता लिहून काढल्या. सहा झाल्या.

शनिवार, २० फेब्रुवारी

सत्यशीला कायम झाली. कागद आज हातात मिळाला. संध्याकाळी गाडीत स्वतःहून समोर येऊन बसली.

"दिवाळीलाच बोलणं झालं होतं, ताई. व्यंकटराव म्हणले, बाहेरून येणाऱ्या सेटांना तुझ्या बाकाची चिठ्ठी लावतो, परत आले तर तुझ्या नावावर घे, गप ऱ्हा, फेब्रुवारीत कायम करतो. तुमचा अहवाल निस्ता फायलीला लागत होता. गुरुवारी तुमी कागद काढले तवा वाटलं, गेली नोकरी. तुमाला डिप्लोमा हाय, कुटं बी लागाल. मला मागं कापूस येचायचाच हाय."

"मग मला आधी सांगायचंस."

"तुमी इचारलं कुटं?"

पिंगळी आलं. ती उतरली.

सप्टेंबरपासून आम्ही रोज एकाच डब्यात समोरासमोर बसतो. खरंच, नाही विचारलं.