बंद म्हणजे चालू

४ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून वीज शिकायची. ठरलं म्हणजे ठरलं.
कारण: दारावरची बेल वाजत नाही. वर्ष झालं. वायरमनला बोलवा, बोलवा, म्हणून हिनं सारखं टुमणं लावलं होतं. मी 'बघतो' म्हणालो होतो, आणि बघतच होतो. तेवढ्यात ही नोव्हेंबरात लेकीकडे गेली. आठ दिवसांसाठी. आठ दिवसांचे तीन महिने झाले, पण लेकीकडे गेलं की होतं असं.
वायरमन बोलावणार नाही. एकतीस वर्षं रेकॉर्ड सेक्शन सांभाळलेल्या माणसाला दोन तारा जोडता येऊ नयेत? ही यायच्या आत बेल वाजली पाहिजे. मग बघू काय म्हणते.

५ फेब्रुवारी, मंगळवार
रिटायर झाल्यापासून आपल्याकडे कुणी येत नाही, हे उगाच मनाला लावून घेत होतो. आज दाढी करताना लक्षात आलं. येत असणार! बटण दाबतात, वाजत नाही, साहेब घरी नाहीत असं समजून जातात. सेक्शनमधले आठ-दहा जण तरी येऊन गेले असतील. कदाचित हीसुद्धा. आली असेल, दोनदा बटण दाबलं असेल, परत गेली असेल. स्वभाव मानी. दार ठोठावायची नाही.
फार हलकं वाटलं. दुपारी मस्त झोप लागली.

७ फेब्रुवारी, गुरुवार
कपाटात हिचं शाळेतलं पुस्तक सापडलं. ही सातवीला विज्ञान शिकवायची. समासात बारीक अक्षरात टिपा. मला इतकं समजावून कधी काही सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल.
आजचा धडा: सेल, तार, बल्ब. वीज सेलच्या एका टोकातून निघते, बल्बमधून जाते आणि सेलच्या दुसऱ्या टोकाला परत येते. या गोल वाटेला परिपथ म्हणतात. परतीची वाट नसेल तर वीज निघतच नाही. वाचून जिवात जीव आला. निघाली त्या अर्थी परत येणार. शास्त्रच आहे.
टॉर्चचा बल्ब घेऊन प्रयोग केला. पेटला नाही. एकच तार लावली होती, दुसरी कशाला उगाच, म्हणून. दुसरी लावल्यावर पेटला! टाळ्या वाजवल्या. एकट्यानं वाजवलेल्या टाळ्या बऱ्या वाटत नाहीत. थांबलो.

९ फेब्रुवारी, शनिवार
पुस्तकात घोडचूक! पान बेचाळीस. 'परिपथ बंद असतानाच त्यातून वीज वाहते. खुला असताना वाहत नाही.' अरे, बंद असताना कशी वाहील? पंखा बंद केला की फिरतो काय? प्रकाशकाला दीड पानाचं पत्र लिहिलं. भाषा कडक, पण सभ्य.
हिनं त्या वाक्याखाली दोन रेघा ओढल्यात आणि बाजूला लिहिलंय, 'मुलं इथं हमखास चुकतात.' मुलं बरोबर असणार. बिचारी.

१० फेब्रुवारी, रविवार. सकाळी.
फेरविचार केला. छापील पुस्तक, त्यात हिनं रेघा ओढलेल्या. मान ठेवायला हवा. बंद असताना वीज वाहते, म्हणजे चालू असताना धोका नाही. सुरक्षितता महत्त्वाची. म्हणून बेलचं झाकण उघडण्याआधी मेन स्विच चालू आहे ना, याची दोनदा खात्री करून घेतली.

१० फेब्रुवारी. सव्वाअकरा.
शॉक बसला. स्टुलावरून थेट सोफ्यावर. कोपर सुजलं. 'अगं, बघ ना' असं तोंडातून निघून गेलं.
पत्र पोस्टात टाकलं.

१२ फेब्रुवारी, मंगळवार
वायरमनला फोन केला. बोलावलं नाही, फक्त चर्चा. आधी तो पुष्कळ वेळ हसला. मग म्हणाला, काका, बंद म्हणजे गोल पुरा झाला. टोकाला टोक भिडलं की परिपथ बंद, आणि वीज फिरते. मधे कुठं टोक सुटलं की तो खुला, आणि वीज थांबते. आपण बटण बंद करतो तेव्हा आत वाट खुली होत असते. म्हणजे बंद म्हणजे चालू आणि खुलं म्हणजे बंद. मी म्हणालो, ते मला ठाऊक होतं, तुमची परीक्षा घेत होतो.
येऊन जाऊ का, म्हणाला. नको म्हणालो. मग त्यानं विचारलं, जेवलात का. आता वायरमनला कशाला हव्यात या चौकशा? तरी सांगितलं. बावीस मिनिटं बोललो.

१६ फेब्रुवारी, शनिवार
मेन स्विच पाडला. (बंद केला की खुला केला, याचा घोळ नको म्हणून 'पाडला'.) बटणामागे एक तार सुटलेली होती. बस्स, एवढंच! वर्षभर एवढ्यासाठी! जोडली. शिवाय डोकं लढवून हॉलचा दिवाही त्याच वाटेवर घेतला. कुणी आलं की बेल वाजेल आणि दिवाही लागेल.
मेन चढवला. बटण दाबलं. दिवा मिणमिणला. बेल घशात काही अडकल्यासारखी गुरगुरली.
हिला फोन केला. सहज. आधी हिनं विचारलं, मेन पाडला होतात ना? काळजी आहेच. मग नीट समजावून सांगितलं. एका रांगेत जोडलं, म्हणजे एकसर, की दाब दोघांत वाटला जातो, दोघंही मंद होतात. समांतर जोडलं की प्रत्येकाची वाट वेगळी. ज्याला त्याला पूर्ण मिळतं, एक गेला तरी दुसऱ्याचं अडत नाही. मी म्हणालो, ते झालं, पण घरी कधी येतेस? म्हणाली, तेच सांगतेय. मी म्हणालो, हो हो, समांतर, लिहून घेतलं.
मग फोन बंद. लेकीकडे रेंज खराब आहे.

१८ फेब्रुवारी, सोमवार. साडेदहा.
समांतर जोडणी पूर्ण. चारदा तपासली. आता बाहेर जाऊन बटण दाबायचं, की लगेच हिला कळवायचं. बेलचा आवाज फोनवरच ऐकवावा म्हणतो.

१८ फेब्रुवारी. दुपारी चार.
वाजली. खणखणीत! वरच्या मजल्यावरून कुणीतरी वाकून पाहिलं. पुन्हा वाजवली. मग वळलो, तर दार मागच्या मागे लागलेलं. लॅच. किल्ली आत, फोन आत.
आणि मी काय केलं, तर बेल दाबली आणि दार उघडायची वाट बघत उभा राहिलो. चांगला मिनिटभर. घरात कुणी नाही, हे तीन महिने आत राहून कळलं नव्हतं. बाहेर उभं राहिल्यावर कळलं.
शेजारच्या काकूंकडे गेलो. हिला फोन करू द्या म्हणालो, दुसरी किल्ली तिच्याकडे असते. काकू म्हणाल्या, फोन कशाला? आत गेल्या आणि किल्ली घेऊन आल्या. हिचीच. नोव्हेंबरात जाताना ठेवून गेली होती. मी म्हणालो, प्रवासात हरवायला नको, म्हणून दिली असेल. काकू जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, तसं नाही हो, आता मला लागायची नाही, असं म्हणाल्या त्या.
काकूंनी घटकाभर बसा म्हटलं. नको, घरी कुणी आलं तर, असं म्हणायला तोंड उघडलं.
मग बसलो.