संहिताचं मधलं नाव

न्यूनेन, नेदरलँड्स, ११ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

काल तू फोन आपटलास, म्हणून हे लिहून फोटो काढून पाठवतोय. कागदावर तुला मधेच तोडता येत नाही, एवढाच माझा फायदा.

बाळाला पुरून आठवडा झाला. स्नेहलचा ताप उतरला. दूध मात्र अजून येतं, आणि आलं की ती बाथरूमचं दार लावून घेते. बाळंतिणीसाठी घरी येणारी नर्स अजून येते, बाळ नसलं तरी येतात म्हणे. तिनेच सांगितलं, पोटात गेलेल्या बाळाचं नावही खेमेंतेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नोंदवता येतं. आमची मुलगी म्हणून. संहिता हे स्नेहलने सातव्या महिन्यातच ठरवलं होतं. तिथल्या बाईंनी विचारलं, मधलं नाव? इथे आजीचं, मावशीचं, आवडेल ते घालतात. मी पटकन प्रणव म्हणालो. मुलीला तुमचं नाव? असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्यात मधे बापच असतो.

आई, अंगाई राहिली, सायकल शिकवायची राहिली. एवढं एकच मला तिला देता येतंय. शुक्रवारी सही करायची आहे. तू नको म्हणालीस तर माझा हात चालणार नाही, हे तुलाही माहीत आहे.

राग उतरला की दोन ओळी लिही. बाबांना नमस्कार.

तुझा,
प्रणव

नाशिक, १२ फेब्रुवारी

चि. प्रणव यास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन आपटला नाही, हातातून सुटला. बरं बाबा, आपटला.

तू हुशार, मान्य. पण जित्याजागत्या माणसाचं नाव गेलेल्या लेकराला जोडायचं? उद्या ते दगडावर कोरतील. मी माझ्या मुलाचं नाव तसल्या दगडावर वाचू? जळली मेली माझी जीभ. बारसं न झालेल्या जिवाला नाव ठेवू नये, माया गुंतते, असं आमच्या सासूबाई सांगायच्या. आणि ठेवायचंच असेल तर माझं घाला. तिकडे आजीचं चालतं ना? संहिता मालिनी. माझं काय, मी पिकलं पान.

स्नेहलला म्हणावं, कानाला बांधून बस आणि खसखशीची खीर खा. बाळ नसलं तरी ती बाळंतीणच आहे.

माया आहे म्हणून ओरडते, हे विसरू नकोस.

आई

न्यूनेन, १२ फेब्रुवारी

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

कानाला बांधलं आहे. खीर प्रणवने केली, खाली लागली, तरी खाल्ली.

तुम्ही स्वतःचं नाव देऊ केलंत, मला फार रडू आलं. पण नको, आई. माया गुंतायची ती नावाशिवायच गुंतली. तिने मला लाथा मारल्या, मी तिच्याशी भांडले, मी आई झाले हे माझ्या अंगाला ठाऊक आहे. प्रणवकडे काहीच नाही. ऑफिसात सगळे त्याला विचारतात, बायको कशी आहे. तू कसा आहेस, असं कोणी विचारत नाही. मधे त्याचं नाव आलं की तो तिचा बाप. तुमच्या शब्दापुढे तो जायचा नाही, आणि जन्मभर कुढत राहील. म्हणून मीच पदर पसरते.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर पदरात घ्या.

तुमची,
स्नेहल

नाशिक, १३ फेब्रुवारी

चि. प्रणव व चि. सौ. स्नेहल,
अनेक आशीर्वाद.

स्नेहलचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. पेपर बाजूला ठेवून म्हणाले, घालू दे त्याला नाव, आपण नाही घातलं. आणि उठून गॅलरीत गेले. इतक्या वर्षांत हा विषय आमच्या घरात निघाला नव्हता.

प्रणव, तुझ्याआधी मला एक मुलगा झाला. रडलाच नाही. सासूबाईंनी मला त्याचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाही, माया गुंतेल म्हणून. न गुंतायला काय झालं! तुझ्या मुंजीत, तुझ्या लग्नात, मनातल्या मनात मी एक पान जास्त मांडलं. पण हाक काय मारू? देवापुढे बसले की नुसतं 'तो' म्हणते. 'तो' म्हणजे कोणीही.

मला वाटलं, तुझं नाव तिच्या नावाला जोडलं की तू तिकडे ओढला जाशील. भ्याले रे. पण बाप तू आहेसच. घाल. संहिता प्रणव दाबके. सकाळी स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणून पाहिलं. छान वाटतं.

आणखी एक. त्याचं मधलं नाव तयार आहे, ह्यांचं, मोरेश्वर. आडनावही आहे. पहिलं तेवढं राहिलं. हे म्हणतात, तुम्हा दोघांना नावं बरी सुचतात. एक सुचवा.

आमच्यावर लोभ करता, तसा थोडा त्याच्यावरही असू द्या.

आई